पांढरी ओळखायला शिका: इंग्लंडमधल्या शेतात डिटेक्टर नेण्याआधीचा अभ्यास

आमच्या गावाकडे शेतावर जाताना आजोबा एका उंचवट्याकडे बोट करून सांगायचे, ती पांढरी, तिथे आधीचं गाव होतं. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पावसात खचल्या, परत तिथेच बांधल्या, चुलीची राख, खापरं, हाडं सगळं त्यात मिसळत गेलं आणि मातीचा रंगच बदलला.

मी लेस्टरला राहायला आल्यावर मेटल डिटेक्टिंगचा नाद लागला आणि मग कळलं की इथेही हाच प्रकार आहे, फक्त रंग उलटा! इथे जुन्या वस्तीची माती आजूबाजूच्या शेतापेक्षा काळपट दिसते, कोळसा, राख, उकिरडा मुरलेला असतो ना, म्हणून. जुन्या कागदात एखाद्या शेताचं नाव ‘ब्लॅकलँड्स’ दिसलं की माझं काळीज धडधडायला लागतं, कारण ते नाव देणारा नांगऱ्या आणि माझे आजोबा एकच गोष्ट सांगत होते.

मला लोक विचारतात कुठलं मशीन घेऊ. मशीन कुठलंही घ्या हो, चांगलं वापरायला शिका म्हणजे झालं. पण मशीन फक्त एवढंच सांगतं की पायाखाली धातू आहे, तिथे माणसं कधी होती, का होती, ते तुम्हाला आधी घरी बसून शोधावं लागतं. मी पहिलं दीड वर्ष हा अभ्यास न करता मिळेल त्या शेतात फिरलो आणि कॅनच्या रिंगा, काडतुसांच्या पितळी टोप्या, ट्रॅक्टरचे नटबोल्ट ह्याच्यापलीकडे फारसं काही हाती आलं नाही. अभ्यास सुरू केला तेव्हा शेतं बदलली आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे सापडतं त्याचा अर्थ लागायला लागला.

आधी कायदा, कारण कुठे जायचं नाही हे कळल्याशिवाय कुठे जायचं ते ठरत नाही. इंग्लंडमध्ये शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित पुरातन जागा, म्हणून नोंदलेल्या जागेवर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं हा १९७९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, मग जमीनमालक कितीही हो म्हणू दे. ह्या जागा हिस्टॉरिक इंग्लंड ह्या पुरातन वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीच्या नकाशावर दिसतात, आणि मॅजिक नावाचा एक सरकारी नकाशा आहे त्यावर ह्या जागांबरोबर निसर्गासाठी राखीव केलेल्या जमिनीही दिसतात. मी नवीन पॅरिश, म्हणजे एका गावाचं शिवार, हातात घेतली की पहिल्या दहा मिनिटांत हे दोन्ही नकाशे उघडतो आणि माझ्या प्रिंटवर लाल पेनने हद्दी मारून टाकतो. बाकी प्रत्येक इंच जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे, त्यामुळे ‘मोकळं रान आहे, कोण बघतंय’ असं इथे काही नसतं. आणि स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंड, आयर्लंड ह्या तिन्हीकडचे नियम वेगवेगळे आहेत. आयर्लंडमध्ये जुन्या वस्तू शोधायला सरकारी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरताच येत नाही, नॉर्दर्न आयर्लंडमध्येही त्या खोदून शोधायला लायसन्स लागतं, तेव्हा सुट्टीवर जाताना मशीन गाडीत टाकण्याआधी वाचून घ्या.

आता गावांच्या नावांकडे या, मला सगळ्यात जास्त मजा इथे येते. आपल्याकडे वाडी, पेठ, खुर्द, बुद्रुक वरून गावाची अर्धी कुंडली कळते तसंच इथेही आहे. नावाच्या शेवटी ‘बी’ आलं, ओडबी, ब्लॅबी, ग्रोबी, एंडरबी, की समजायचं डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंग लोकांची भाषा तिथे रुजली होती. ‘थॉर्प’ म्हणजे त्यांचीच छोटी वस्ती, आपल्याकडची वाडीच म्हणा. ‘टन’ असेल तर बहुतेक अँग्लो-सॅक्सन, म्हणजे व्हायकिंगांच्या आधी आलेल्या लोकांचं. ‘चेस्टर’, ‘कॅस्टर’, ‘सेस्टर’ असेल तर रोमन तटबंदीची आठवण, लेस्टरच्या नावातसुद्धा तेच दडलंय. आणि माझं सगळ्यात आवडतं, ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्व्हा, पीटलिंग मॅग्ना आणि पीटलिंग पार्व्हा. लॅटिनमध्ये मॅग्ना म्हणजे मोठं, पार्व्हा म्हणजे लहान. म्हणजे ॲशबी बुद्रुक आणि ॲशबी खुर्द! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री अकराला आईला फोन करायला निघालो होतो, मग आठवलं की तिकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार वाजलेत.

नाव बघितल्यावर ते १०८६ च्या डोम्सडे बुकात आहे का ते बघा. विजेत्या विल्यमने जवळजवळ सगळ्या राज्याची मोजदाद करून घेतली होती, कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या. त्यात नाव आहे आणि आजच्या नकाशावर गाव नाही, किंवा नुसतं एक फार्महाऊस आणि एकटं चर्च उरलंय, तर ते मोडलेलं गाव असू शकतं. लेस्टरशायरमध्ये अशी मोडलेली गावं भरपूर आहेत. काही रोगराईनंतर ओस पडत गेली आणि पुष्कळ ठिकाणी पंधराव्या-सोळाव्या शतकात जमीनदारांनी कुळं हलवून शेताची मेंढरांसाठी कुरणं केली, कारण लोकरीत पैसा होता. ह्यातली बरीच आता संरक्षित आहेत, तिथे जायचंच नाही, पण त्या गावाकडे जाणारी वाट, बाजाराला जायचा रस्ता, ओढ्यावरचा उतार हे सगळं शेजारच्या नांगरटीच्या शेतातून जात असतं आणि माणसाच्या खिशातून वस्तू पडतात त्या वाटेवरच पडतात.

रस्ते सरळ असले की थांबा. एक्सेटरहून लेस्टरवरून लिंकनला जाणारा फॉस वे आणि लेस्टरशायर-वॉरिकशायरची हद्द ज्याच्यावरून जाते तो वॉटलिंग स्ट्रीट, म्हणजे आजचा ए५, हे दोन्ही रोमन रस्ते हाय क्रॉसला एकमेकांना छेदतात. पण सगळेच जुने रस्ते आज डांबरी नाहीत. नकाशावर पॅरिशची हद्द मैलभर सरळसोट जाते, मग मध्येच एखादी पायवाट तीच रेघ पकडते, मग एखादं कुंपण, हे तुकडे पट्टी ठेवून जोडले की कधी कधी हरवलेला रस्ता दिसतो.

मग जुने नकाशे. ह्यासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट म्हणजे सोन्याची खाण आहे, आणि फुकट आहे. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे तिथे आहेत. एका बाजूला १८८० च्या दशकातला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचा सॅटेलाइट फोटो असे शेजारीशेजारी ठेवता येतात, कर्सर एकाच जागेवर दोन्हीकडे फिरतो. मैलाला सहा इंच आणि मैलाला पंचवीस इंच अशा दोन स्केलचे मिळतील, दुसरा इतका बारीक आहे की शेतातली विहीर, पंप, लोहाराचं दुकान, कुंपणातला चढून जायचा टप्पा सुद्धा दाखवतो. डब्ल्यू म्हणजे विहीर, पी म्हणजे पंप, एफ.पी. म्हणजे पायवाट. आणि पुराण वस्तूंची नावं वेगळ्याच वळणदार गॉथिक अक्षरात छापलेली असतात, ती नजरेला सवयीची करून घ्या, नुसतं पान चाळताना सापडतात.

काय शोधायचं? तर जे तेव्हा होतं आणि आता नाही ते. माझ्या एका शेतात जुन्या नकाशावर दोन पायवाटा कोपऱ्यात एकमेकींना छेदून जात होत्या आणि शेजारी तळं होतं, आज तिथे सपाट गव्हाचं रान आहे, काही म्हणजे काही खूण नाही. त्या कोपऱ्यात मला व्हिक्टोरियाचे तांब्याचे पेनी मिळाले, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या, जनावराच्या गळ्यातल्या घंटीचा तुकडा मिळाला आणि मग एका ओल्या सकाळी चांदीचा अर्धा पेनी. अर्धा म्हणजे खरोखर कापलेला. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीच्या काळात पेनीच्या मागच्या बाजूला कडेपर्यंत लांब क्रॉस असायचा, सुट्टे हवे असले की त्या रेघेवर कापून अर्धे नाहीतर पाव करायचे. नकाशा १८८० च्या दशकातला, नाणं त्याच्याआधी सहाशे वर्षांचं. म्हणजे ती पायवाट नकाशा काढणाऱ्यांना दिसली तेव्हाच केवढी म्हातारी होती बघा! म्हणून मी सांगतो की व्हिक्टोरियन नकाशा फक्त व्हिक्टोरियन वस्तूंसाठी नसतो.

ह्याच्या मागे जायचं असेल तर टाइथ मॅप. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा लागायचा, तो धान्याऐवजी पैशात घ्यायचा कायदा १८३६ ला झाला आणि त्यासाठी गावोगावच्या शेतांचे नकाशे काढले, सोबत यादी, प्रत्येक शेताचा नंबर, मालक, कूळ, पीक आणि शेताचं नाव. आपला गावनकाशा आणि सातबारा एकत्र ठेवल्यासारखं. पण एक गोष्ट मला उशिरा कळली ती तुम्हाला आधीच सांगतो, लेस्टरशायरसारख्या मिडलंड्सच्या भागात बऱ्याच गावांचा टाइथ मॅप मिळतच नाही, कारण तिथे मोकळी सामाईक शेतं कुंपणं घालून वाटली तेव्हाच हा दशांशाचा हिशोबही मिटवला होता. मग तिथे त्या वाटणीचा नकाशा, एन्क्लोजर मॅप, बघायचा. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसात मिळतो. आधी अपॉइंटमेंट घ्या, पेन्सिल न्या कारण पेन चालत नाही, आणि तिथल्या माणसांना मोकळेपणाने सांगा की मला अमुक गावची शेतांची नावं हवीत. मला तिथे नेहमीच मदत मिळाली आहे.

शेतांच्या नावांवर मी तासन्‌तास घालवतो. ‘चॅपल फील्ड’ म्हणजे आज नसलेलं देऊळच म्हणा, ‘फेअर फील्ड’ म्हणजे जत्रेची जागा असण्याची शक्यता, ‘किल्न’ म्हणजे भट्टी, ‘मिल’ म्हणजे पवनचक्की नाहीतर पाणचक्की, ‘गॅलोज’ म्हणजे फाशी द्यायची जागा, ‘कनिग्री’ म्हणजे ससे पाळायचं कुरण. ‘बट्स’ दिसलं की लगेच धनुर्विद्येचं मैदान समजून धावू नका, नांगराच्या आखूड पट्ट्यांनाही तेच म्हणायचे. एका नावावर शेत ठरवायचं नाही. नाव, जुनी वाट, पाणी, असे दोन-तीन पुरावे एकाच ठिकाणी आले की मग मालकाचा दरवाजा वाजवायचा.

जमिनीचा आकारही बोलतो. विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजतात त्याला लायडार म्हणतात आणि इंग्लंडचा हा डेटा एन्व्हायर्नमेंट एजन्सीने फुकट खुला केलाय, मीटरभराच्या बारकाईने. झाडं, झुडपं काढून टाकून नुसती जमीन दिसते. मध्ययुगात बैल जोडून नांगरताना शेताला लाटांसारखे उंचसखल पट्टे पडले, रिज अँड फरो म्हणतात, ते लायडारवर कॉर्डुरॉयच्या कापडासारखे दिसतात. ते पट्टे जिथे अचानक थांबतात आणि मध्ये चौकोनी वाफे, खोलगट वाट असं काही दिसतं, तिथे घरं होती असं समजायला जागा असते. उन्हाळ्यात दुष्काळ पडला तर हवाई फोटो बघाच, २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात देशभर पिकांमधून जुन्या खुणा उमटल्या होत्या. कारण सोपं आहे, बुजलेल्या चरात ओल जास्त काळ टिकते म्हणून तिथलं पीक हिरवं आणि उंच, आणि खाली दगडी पाया असेल तिथलं खुरटं, पिवळं. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांचे फोटो चाळता येतात, एक वर्ष दिसत नाही ते दुसऱ्या वर्षी दिसतं.

आणि आधी कुणाला काय सापडलंय तेही बघा. हेरिटेज गेटवे नावाच्या साइटवर काउंटीतल्या जुन्या जागांच्या नोंदी मिळतात आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या डेटाबेसमध्ये लोकांना सापडलेल्या १५ लाखांहून जास्त वस्तू फोटोसकट आहेत. तुमच्या पॅरिशचं नाव टाका. रोमन ब्रूच (कपड्याला लावायची पिन) आठ, मध्ययुगीन बकल तीन, असं चित्र दिसायला लागतं. पण रिकामी जागा म्हणजे काही नाही असं समजू नका, कदाचित तिथे कुणी फिरलंच नसेल, आणि मला तर त्या रिकाम्या जागाच खुणावतात.

आता ह्या सगळ्या खटाटोपाने काय होऊ शकतं त्याची आमच्याच काउंटीतली दोन उदाहरणं. बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्ट १४८५ ला झाली, तिसरा रिचर्ड मारला गेला, तोच राजा ज्याचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली मिळाले. शेकडो वर्षं लोक एका टेकडीला रणांगण समजत होते. २००५ पासून अभ्यासकांनी जुने कागद, शेतांची नावं, माती, पूर्वीची दलदल कुठे होती ह्याचा अभ्यास करून वेगळाच भाग निवडला आणि मग डिटेक्टरवाल्यांनी ओळीने, ठराविक अंतर ठेवून वर्षानुवर्षं शेतं विंचरली. शिशाचे ३० हून जास्त तोफगोळे मिळाले आणि सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा एक छोटा रानडुकराचा बिल्ला. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह! टेकडीपासून काही किलोमीटर लांब रणांगण सापडलं. ह्यात प्रत्येक गोळ्याची जागा नोंदलेली होती म्हणून हे सिद्ध झालं. तेच गोळे कुणी आधी उचलून डब्यात टाकले असते तर आज ते नुसते शिशाचे गोळे राहिले असते. म्हणून ओळखीच्या रणांगणावर एकट्याने हौसेखातर जाऊ नका, अशा सर्व्हेत स्वयंसेवक म्हणून जा.

दुसरं हॅलॅटनचं. तिथे गावकऱ्यांचा गट नांगरलेल्या शेतात नुसत्या डोळ्यांनी खापरं-हाडं वेचत फिरायचा, त्यातून जागा कळली, २००० साली त्यांच्यातल्याच एकाला नाणी लागली, लगेच कळवलं आणि युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नीट उत्खनन केलं. लोहयुगातली आणि रोमन मिळून पाच हजारांच्या वर नाणी आणि एक रोमन घोडेस्वाराचं शिरस्त्राण. मार्केट हार्बरोच्या म्युझियममध्ये आहे, बघून या. मशीन काढण्याआधी शेतात मोकळ्या हाताने तासभर चालायची सवय मी त्यांच्यापासून घेतली. खापरं, शिंपल्यांची टरफलं, लालसर रोमन कौलांचे तुकडे, मातीच्या चिलमीच्या नळ्या, हे सगळं वर दिसत असतं.

परवानगीचं थोडक्यात. मालक कोण ते बहुतेक वेळा लँड रजिस्ट्रीत थोडी फी भरून कळतं. शेत कुळाकडे असेल तर दोघांची परवानगी घ्या, आणि लेखी घ्या, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं तेही त्यातच लिहा. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायलेल्या असतात तेव्हा शेतकऱ्याला त्रास देऊ नका, ऑगस्टमध्ये कापणी झाली की पुढची पेरणी होईपर्यंतचे थोडे आठवडे आपले. मी जाताना तयार केलेला जुना नकाशा प्रिंट करून घेऊन जातो, त्याच्या शेताचं दोनशे वर्षांपूर्वीचं नाव दाखवतो, आणि किती वेळा तरी चहा झालाय त्यावरून. त्यांच्याकडूनही ऐका, कुठे नांगराला दगड लागतो, कुठे आजोबा म्हणायचे की घर होतं. आणि एक विचाराच, शेतात ग्रीन वेस्ट खत टाकलंय का, कारण त्यात शहराच्या कचऱ्यातला धातूचा चुरा असतो आणि मशीन वेडं होतं. डिटेक्टरवाल्यांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं तर विमाही मिळतो, तो असलेला बरा.

खोदताना नांगरटीच्या थरातच राहा, साधारण पाऊण ते एक फूट. त्याच्याखाली सिग्नल येत असेल आणि एकापेक्षा जास्त वस्तू निघायला लागल्या तर हात थांबवा. १९९२ ला सफकमध्ये हॉक्सन गावाजवळ एक माणूस शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होता, त्याला रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला, त्याने थोडं बघून खोदणं थांबवलं आणि कळवलं, म्हणून तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता ते सुद्धा आज माहिती आहे. हातोडीही मिळाली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उलट हेरेफर्डशायरमध्ये २०१५ ला सापडलेला मोठा साठा लपवून विकणाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं आणि बहुतेक नाण्यांचा पत्ता लागलाच नाही.

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, सोनं-चांदी १० टक्के तरी असलेली वस्तू, किंवा एकाच साठ्यातली दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची जुनी नाणी मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे मृत्यूंची आणि अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, खास महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. ट्रेझर नसलं तरी काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, वर तारीख आणि ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा आकड्यांतला पत्ता. सहा आकडी रेफरन्स शंभर मीटरचा चौकोन सांगतो, आठ आकडी दहा मीटरचा, दहा आकडी एक मीटरचा, तेव्हा फोनवरून दहा आकडीच घ्या. माझ्या पहिल्या दीड वर्षातल्या वस्तूंच्या डब्यात शिशाचं एक सुंदर वजन आहे आणि ते कुठल्या शेतातलं हे मला आठवत नाही, ह्याचं वाईट अजूनही वाटतं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगतो, ह्यातला मशीन आणि खोदण्याचा भाग आपल्याकडे नेऊ नका. गडांवर, लेण्यांजवळ, पांढरीवर डिटेक्टर घेऊन अजिबात जायचं नाही. संरक्षित जागी परवानगीशिवाय खोदणं १९५८ च्या कायद्यात बसत नाही, आणि जमिनीत मिळालेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं हा १८७८ चा कायदा आहे. विहीर खणताना, नांगरताना शिवराई नाहीतर मूर्ती लागली तर आहे तिथे फोटो काढा आणि तहसीलदाराला नाहीतर पुरातत्त्व खात्याला कळवा. १९७४ ला दायमाबादला शेतकऱ्याला झाडाच्या बुडाशी लागलेली कांस्याची रथ, हत्ती, गेंडा, रेडा ही शिल्पं आज सगळं जग बघतंय.

पण अभ्यासाचा भाग मात्र जसाच्या तसा करता येतो. गॅझेटियर वाचा, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, आणि मुख्य म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शेतांची नावं विचारून लिहून घ्या. वाड्याचा माळ, पांढरीचं टेकाड, जत्रेची पट्टी, ही नावं सातबाऱ्यावर नसतात, गट नंबर असतो फक्त. दिवाळीत गावी गेलो की मी वही घेऊन बसतो, आतापर्यंत आमच्या गावची ४३ नावं झालीत, आणि नदीकडच्या चार शेतांची नावं सांगू शकेल अशी एकच आजी उरली आहे, ह्या वेळी पहिल्यांदा तिच्याकडे जायचंय.